वळवाच्या आधी पत्र्यावरचे दगड खाली उतरवा

एप्रिल निम्मा सरला की आपल्याकडे दुपारी तीननंतर आभाळ भरून यायला लागतं. पाऊस पडायच्या आधी ढगातली गार हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हाच तो सुसाट वारा. धुळीचा लोट दिसला की हातात फार वेळ उरत नाही.

आखाड्यावरचे (शेतातल्या घरावरचे), गोठ्यावरचे पत्रे आपण दगड ठेवून दाबतो. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पण वादळात जीव घेतात ते हेच दगड. वारा पत्र्याखाली शिरतो, वरूनही ओढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात जागचा न हललेला दगड 80 च्या वाऱ्यात पत्र्यासकट सुटतो आणि खाली लेकरं निजलेली असतात.

म्हणून या आठवड्यात एक दिवस काढाच. दगड उतरवा. पत्रा आडव्या पाइपाला जे-हुकने (इंग्रजी J सारख्या वाकवलेल्या बोल्टने), वॉशर घालून आवळा. कडेला आणि कोपऱ्यांना हुक दाट हवेत, वारा तिथूनच पत्रा उचकटतो. त्याआधी मेढी, म्हणजे छताचे खांब, हलवून बघा. त्याच ढिल्या असतील तर अख्खं छत जाईल. हुकांचा खर्च झेपत नसेल तर जाड तार पत्र्यावरून घेऊन दोन्ही बाजूंच्या मेढींना बुडाशी ताणून बांधा.

बैलं, म्हसरं कडुलिंबाखाली बांधू नका. फांदी तिथंच मोडते, वीजही झाडावरच पडते. माणसांनीही झाडाचा आसरा घेऊ नये, पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. फोनमध्ये ‘दामिनी’ ॲप ठेवा, जवळपास वीज पडायची शक्यता असली की ते कळवतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तोही बघत जा.

घड लागलेल्या केळीला बांबूचा टेकू द्या. तयार झालेला केशर आंबा इशारा आल्यावर झाडावर ठेवू नका. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकून दोरीने आवळा.

वारा थांबला की लगेच पाण्याची मोटार बघायला धावू नका. विजेची तार तुटून ओल्या वावरात पडलेली असू शकते, अंधारात ती दिसत नाही. तार दिसली तर लांबच थांबा, जनावरं अडवा आणि 1912 वर महावितरणला कळवा. लाइनमनने वीजपुरवठा बंद केल्याचं सांगेपर्यंत त्या वावरात कुणाला जाऊ देऊ नका.