थर कोसळल्यावर कुणाला काय विचारायचं

गुरुपौर्णिमेला चाळीच्या पटांगणात सराव सुरू झाला की दहीहंडीपर्यंत थर पडतातच. हात मोडला तर सगळ्यांना दिसतो. डोक्याला बसलेला मुका मार दिसत नाही, आणि तो हुडकायचं काम तिथे उभ्या असलेल्यांवरच येतं.

थर कोसळला की आधी खाली बघा. सगळे एक्क्याकडे, म्हणजे सगळ्यात वर चढणाऱ्याकडे, धावतात. त्याला दोरी असते, हेल्मेट असतं. इकडे बेसच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातल्या, पोराच्या कानशिलावर वरच्याचा गुडघा बसलेला असतो आणि तो बनियन झटकत मुकाट उभा राहतो. हेल्मेट असलं तरी निर्धास्त राहू नका. त्यानं कवटी वाचते, पण आतला मेंदू हिसक्यानं हलायचा तो हलतोच.

मान दुखते किंवा हातापायाला मुंग्या येतात म्हणाला तर जागचा हलवू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. बाकीच्यांना बाजूला बसवा. कांदा हुंगवणं, डोकं चोळणं, तोंडावर पाणी मारणं, सगळं बंद.

आता प्रश्न. इथेच मी फसलो होतो.

बेसचा एक पोरगा होता, विशीतला. मी विचारलं, नाव काय? सांगितलं. वार कोणता, कुठे आहेस, बोटं किती? सगळं बरोबर. शुद्ध एक क्षणही हरपली नव्हती, टेंगूळही नव्हतं. मी त्याला परत बेसला लावला. नंतर कटिंग घेताना तो म्हणाला, ‘दादा, आज थर लागले का?’ मी सांगितलं. ग्लास संपेपर्यंत त्यानं तेच अजून दोनदा विचारलं, त्याच सुरात. पोरं हसली. माझ्या हातापायातलं बळ गेलं. पुढचे तीन आठवडे त्याला लोकलमधला गोंगाट सोसवेना, मोबाइलकडे बघवेना.

नाव आणि पत्ता जुन्या आठवणीत असतात, त्या सहसा शाबूत राहतात. बिघडतं ते आत्ता घडलेलं साठवणं. म्हणून नुकतंच घडलेलं विचारायचं. डेव्हिड मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये ऑस्ट्रेलियात खेळाडूंसाठी असेच प्रश्न तपासले होते: कुठल्या मैदानावर आहोत, शेवटचा गुण कुणी घेतला, मागच्या सामन्यात जिंकलो का. आमच्याकडे मी विचारतो: आज किती थर लावले? तुझ्या खांद्यावर कोण होतं? डावीकडे कोण होतं? मागच्या सरावाला काय झालं? वर पाच शब्द देतो, ‘नारळ, छत्री, बस, चावी, दोर’, आणि दहा मिनिटांनी परत मागतो. एखादा शब्द कुणीही विसरतो, तेवढ्यावरून काही ठरवू नका. पण डावीकडे कोण होतं हे आठवत नसेल तर तो आज चढणार नाही. मंडळाचे अध्यक्ष काही म्हणोत.

उत्तराइतकंच उत्तर देणाऱ्याकडे बघा. नजर हरवलीय का, शब्द उशिरा येतात का, सरळ चालताना झोक जातो का, एरवी शांत असलेला पोरगा विनाकारण चिडतो किंवा रडवेला होतो का. ‘बरं आहे’ हे उत्तर धरायचं नाही. बरं नाही म्हटलं तर आपली जागा दुसऱ्याला जाईल हे त्याला माहीत असतं. बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही, त्यामुळे ‘बेशुद्ध नव्हता ना?’ विचारून मोकळे होऊ नका. आणि टेंगूळ आलं म्हणजे आत मार नाही, ही आजीबाईंची समजूत साफ खोटी.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी, जीभ जड, एका बाजूला अशक्तपणा, नाका-कानातून पाणी, जागं केल्यावर धड जागं न होणं: यातलं एकही दिसलं तर तडक केईएम किंवा सायन हॉस्पिटल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला काहीच दिसत नसलं तरी न्या. बाकीच्यांनाही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवाच. सीटी स्कॅन साफ आला म्हणजे कवटी फुटलेली नाही, रक्तस्राव नाही, एवढंच. हा सौम्य मार स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही.

रात्री झोपू द्यायचं. डॉक्टरनं तपासल्यावर रात्रभर जागवत बसणं हा निव्वळ छळ आहे. पहिले एक-दोन दिवस कुणीतरी सोबत राहावं. दारू नको, बाइक नको, मोबाइल कमी. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका.

दोन दिवसांनी हळूहळू चालणं-फिरणं. अंथरुणात पडून राहिल्यानं बरं होत नाही. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, लहानांना महिनाही लागतो. आधी नोकरी-कॉलेज, मग पळणं, मग डॉक्टरच्या परवानगीनंच थर. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं.

तो पोरगा त्या वर्षी दोरी धरायला होता. दुसऱ्या वर्षी परत बेसला.