हाड्झांच्या वस्तीवर हातांची नोंद घ्यायला निघताना

उत्तर तांझानियात एयासी सरोवराच्या आसपास हाड्झा राहतात. लोकसंख्या जेमतेम हजार-तेराशे, त्यातले काहीशे आजही मुख्यतः शिकार, मध, कंद आणि रानफळांवर जगतात. त्यांच्यात उजवं कोण, डावखुरं कोण हे पाहायला जायचं असेल, तर पहिली तयारी घरबसल्या करायची आहे: तयार प्रश्नावली बाजूला ठेवा. मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्डने १९७१ साली कोण उजवा, कोण डावखुरा हे ठरवायला मांडलेल्या एडिंबरो यादीत लिहिणं, चित्र काढणं, कात्री, टूथब्रश, काडी ओढणं अशी दहा कामं आहेत. ज्याने आयुष्यात कात्री धरली नाही, त्याला कात्रीबद्दल विचारून काय हाती लागणार?

तेव्हा कामांची यादी तिथल्या दिवसावरून करा. आणि विचारू नका, पाहा.

यादीत दोन रकाने हवेतच: हातात अवजार आहे का, आणि पकड मुठीची आहे की चिमटीची. मर्चंट, मॅकग्रू आणि आयब्ल-आयबेसफेल्ट या संशोधकांनी बोत्स्वानातले ग्वी, नामिबियातले पशुपालक हिंबा आणि व्हेनेझुएलातले यानोमामी या तीन समाजांच्या रोजच्या जगण्याच्या फिल्म तपासून १९९५ साली निष्कर्ष छापला. नुसतं खाजवणं, उचलणं, धरणं यांत माणसं दोन्ही हात सारखेच चालवत होती. उजवा हात ठळकपणे पुढे आला तो अवजार घेतल्यावर, त्यातही चिमटीतल्या बारीक कामात. ही दोन प्रकारची कामं एकाच बेरजेत घातलीत, तर सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

दोन्ही हातांच्या कामांना वेगळं पान ठेवा. धनुष्य एका हाताने धरतात, दोरी दुसऱ्याने ओढतात. दोन्ही नोंदवा, आणि ‘मुख्य’ हात कुठला मानायचा ते निघण्याआधीच ठरवा. बाया काठीने कंद खणतात तेव्हा वरचा हात कुठला, खालचा कुठला हे बघा. मग दगड बाजूला सारायला, माती उपसायला कुठला हात गेला तेही. काठी फिरवून आग काढताना ती दोन तळव्यांमध्ये घुसळली जाते, तिथे डावं-उजवं शोधत बसू नका. गोरखचिंचेच्या बिया दगडाने कुटण्याचं काम मात्र सोडू नका. मला विचाराल तर नोंदीसाठी याहून चांगलं काम नाही. एक हात दगड चालवतो, दुसरा पसरलेल्या बिया पुन्हा मध्ये ओढतो, आणि सगळं तुमच्या डोळ्यांसमोर सावकाश चाललेलं असतं. एक खबरदारी: कुटण्याचे पन्नास घाव म्हणजे पन्नास नोंदी नव्हेत. हात रिकामा होऊन दुसऱ्या कामाला लागेपर्यंत ती एकच नोंद.

कडेवर मूल आहे का, वस्तू कुठल्या बाजूला पडली होती, माणूस शाळेत गेलेला आहे का, हेही लिहा. पेन धरायला शिकवताना हात बदलला गेलेला असू शकतो. आपल्याला तर हे चांगलंच ठाऊक आहे. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून ओरडा खाल्लेली मुलं घरोघरी सापडतील. म्हणूनच डावा हात दिसला की आपली नजर तिथे अडकते आणि त्याची नोंद जास्त होते. यावर उपाय म्हणजे माणूस आणि वेळ आधी ठरवून, त्या वेळेत जे दिसेल ते सगळं लिहायचं. थोड्या चित्रफिती दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या. फोनने चित्रण करणार असाल तर आरशासारखी उलटी प्रतिमा देणारी सोय बंद करा, आणि प्रत्येक चित्रफितीच्या सुरुवातीला अक्षरं लिहिलेला कागद दाखवा. डावं-उजवं उलटलं तर लगेच कळेल.

एका वस्तीत साधारण तीसेक माणसं असतात. जगभरात डावखुऱ्यांचं प्रमाण सुमारे १० टक्के धरलं, तर तिथे सरासरी तीनच सापडतील. एका वस्तीवरून काही बोलू नका; अनेक वस्त्यांचा वेळ हाताशी ठेवा.

परवाना तांझानियाच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाचा लागतो, त्याला वेळ लागतो. स्वाहिली बोलता यायला हवी, नाहीतर दुभाष्या हवा. परवान्याच्या कागदावर वस्तीची संमती येत नाही; ती तिथे बसून, प्रत्येक माणसाकडून वेगळी मागायची, आणि कुणी कॅमेऱ्याला हात आडवा केला तर तिथेच थांबायचं. भेट म्हणून दारू कदापि नेऊ नका. पर्यटकांच्या वाटेवरच्या वस्त्यांचं तिने फार नुकसान केलं आहे. काय न्यायचं ते वस्तीतल्या जाणत्यांनाच आधी विचारा.