ॲडॅटच्या जुन्या कॅसेटमधले रेकॉर्डिंग संगणकावर कसे उतरवावे

अमेरिकेतील ॲलेसिस कंपनीने 1991 च्या जानेवारीत ॲडॅट हे यंत्र जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आले. व्हीसीआरसाठी बनलेल्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या आठ स्वतंत्र पट्ट्या, ध्वनिमुद्रित करणारे हे यंत्र चार हजार डॉलरच्या आत मिळत असल्यामुळे, जिथे पूर्वी मोठ्या स्टुडिओचे भाडे भरावे लागे तिथे लोक घरच्या खोलीत मल्टिट्रॅक काम करू लागले. त्या काळातल्या कॅसेट आजही अनेक स्टुडिओंच्या कपाटांत पडून आहेत. त्या वाजवताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ॲनालॉग टेप खराब होत जाते तसा तिचा आवाज मंदावतो, खरखरतो, म्हणजे ती आधी इशारा देते. डिजिटल टेप मात्र शेवटपर्यंत स्वच्छ वाजते आणि मग एकाएकी तुटक वाजू लागते किंवा गप्प होते. म्हणून जे वाजवणे ते पहिल्यापासून संगणकावर उतरवून घेण्याच्या तयारीनेच करावे.

सुरुवात कॅसेटपासून करावी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, तेव्हा खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे डाग आहेत का ते उजेडात धरून पाहावे. डाग असतील तर ती कॅसेट यंत्रात घालू नये, कारण बुरशी ड्रमवर, म्हणजे टेप वाचणारी हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्यावर, बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कॅसेट स्वच्छ असेल तर तिच्या कडेची, पुसले जाण्यापासून वाचवणारी छोटी पट्टी मोडलेली आहे याची खात्री करावी आणि नसेल तर ती मोडून टाकावी. ॲडॅटमध्ये रेकॉर्डिंगपूर्वी टेप फॉर्मॅट करावी लागते, आणि रेकॉर्डिंग असलेली कॅसेट चुकून फॉर्मॅट झाली तर त्यावरचे काम परत मिळत नाही.

यंत्र वर्षानुवर्षे बंद असेल तर आधी त्याचे रबरी भाग, म्हणजे पिंच रोलर आणि आयडलर चाक, जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावेत. रबर कडक झाले की टेप ओढली जात नाही, अडकते, आणि कधी कधी चुरगळते. ड्रमची सफाई स्वतः करायची झाल्यास वीजजोड काढून, शॅमॉय कापड 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ते ड्रमवर हलकेच टेकवावे आणि ड्रम हाताने आडवा फिरवावा. कापड वर-खाली कधीही घासू नये, कारण हेडची नाजूक टोके त्याने तुटतात. कापसाचा बोळा तर मुळीच वापरू नये. त्यानंतर पहिल्यांदा बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून पाहावी.

महत्त्वाची कॅसेट घातल्यावर लगेच प्ले दाबू नये. ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे न्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात राहिलेली गुंडाळी सारखी होते. काम थांबले की टेप ड्रमला चिकटून ठेवू नये; यंत्र थांबलेले असताना स्टॉप पुन्हा दाबला की ती ड्रमपासून सुटते.

जोडणी ऑप्टिकल केबलनेच करावी. मागच्या डिजिटल आउटपुटमधून एकाच केबलवर आठही ट्रॅक ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या जोडयंत्राच्या, ऑप्टिकल इनपुटमध्ये जातात. अनेक इंटरफेसमध्ये तेच छिद्र एस/पीडीआयएफ या दुसऱ्या डिजिटल पद्धतीसाठीही वापरले जाते, त्यामुळे सेटिंगमध्ये ॲडॅट निवडावे. क्लॉक, म्हणजे डिजिटल आवाजाची लय ठरवणारा ठोका, मात्र इंटरफेसचा स्वतःचा नको, ऑप्टिकल इनपुटवरून येणारा हवा. ही एक सेटिंग विसरली की आवाजात टकटक ऐकू येते आणि दोष टेपच्या माथी जातो. टेपचा वेग आणि सूर बदलणारे पिच नियंत्रण शून्यावर आहे का तेही पाहावे. संगणकातल्या सत्राचा सॅम्पल दर (आवाजाचे सॅम्पल, म्हणजे मोजमापे, सेकंदाला किती घेतली जातात तो आकडा) कॅसेटच्या दराइतकाच, बहुधा 48 किलोहर्ट्झ, ठेवावा. 120 मिनिटांच्या व्हीएचएस कॅसेटवर ॲडॅटची सुमारे 40 मिनिटेच मावतात, तेव्हा संपूर्ण कॅसेट एकाच फाइलमध्ये, न थांबता उतरवावी; पातळी वाढवू नये, काहीही छाटू नये.

उतरवताना डिस्प्लेवर नजर असू द्यावी. पहिल्या काळ्या मॉडेलमध्ये टेपवरची माहिती नीट वाचता आली नाही आणि यंत्राला ती अंदाजाने भरावी लागली, की डिस्प्लेच्या कोपऱ्यातला ठिपका चमकतो. एखादा क्षण चमकला तर घाबरण्याचे कारण नाही, पण वारंवार चमकू लागला तर थांबून ड्रम पुन्हा साफ करावा, किंवा ती कॅसेट ज्या यंत्रावर मुळात ध्वनिमुद्रित झाली होती ते यंत्र मिळते का पाहावे.

मग तीच कॅसेट दुसऱ्यांदा उतरवावी. दोन्ही फाइली सॅम्पलपर्यंत जुळवून दुसरीची पोलॅरिटी उलटी करावी, म्हणजे तिच्या लाटा वरच्या खाली कराव्यात, आणि दोन्ही एकत्र वाजवाव्यात. पूर्ण शांतता आली तर दोन्ही वाचने सारखी झाली असे धरता येते. जिथे टिक् आवाज आला, तिथे निदान एका वाचनात चूक आहे, आणि तेवढा तुकडा चांगल्या फाइलमधून घेता येतो. ॲनालॉग टेपच्या बाबतीत ही सोय कधीच नव्हती.

सोळा किंवा चोवीस ट्रॅकचे गाणे दोन-तीन कॅसेटवर असेल आणि यंत्र एकच असेल, तरी काम होते. प्रत्येक वेळी यंत्राच्याच क्लॉकवर उतरवले असल्यामुळे टेपवरचा प्रत्येक सॅम्पल जसाच्या तसा आलेला असतो आणि फाइली गाण्याच्या शेवटी एकमेकींपासून सरकत नाहीत. फक्त सुरुवात जुळवावी लागते. त्यासाठी दोन्ही कॅसेटवर ऐकू येणारा एखादा टोकदार आवाज, उदाहरणार्थ शेजारच्या माइकमध्ये झिरपलेली ढोलकीची थाप, शोधून तिथे लाटा एकमेकींवर आणाव्यात. असा समान आवाज नसेल तर दोन यंत्रे भाड्याने मिळवून दोन्ही एकाच वेळेत चालवणाऱ्या सिंक केबलने जोडणे आणि दोन्ही एकत्र उतरवणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.