एआय शिकायचंय? सुरुवात दीडशे फुलांपासून करा

एआय शिकायला घेतलं की बहुतेकांची पहिली धाव न्यूरल नेटवर्ककडे (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेल्या मॉडेलकडे) असते. कोड चालतो, उत्तर येतं, पण ते तसंच का आलं हे सांगता येत नाही. म्हणून पहिला आठवडा आयरिस या फुलाच्या डेटाला द्या. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेला हा डेटा पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत तयार मिळतो. आयरिसच्या तीन जाती (सेटोसा, व्हर्सिकलर, व्हर्जिनिका), प्रत्येकीची ५० फुलं, आणि दर फुलाची चार मापं: निदलाची (पाकळ्यांबाहेरच्या दलाची) आणि पाकळीची लांबी-रुंदी, सेंटिमीटरमध्ये.

मॉडेलला, म्हणजे डेटावरून शिकून उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला, हात लावण्याआधी आकडे नुसते वाचा. सेटोसाची पाकळी १.० ते १.९ सेंटिमीटर लांब आहे, बाकी दोन्ही जातींची किमान ३.० आहे. म्हणजे 'लांबी अडीचपेक्षा कमी का?' एवढ्या एका प्रश्नात एक जात वेगळी झाली! डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांचं झाडासारखं मॉडेल) हेच करतं, फक्त प्रश्न स्वतः शोधतं. ‘मशीन शिकतं’ म्हणजे काय, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. खरी अडचण पुढच्या दोन जातींची. व्हर्सिकलरची पाकळी ५.१ पर्यंत जाते आणि व्हर्जिनिकाची ४.५ पासून सुरू होते. मधल्या पट्ट्यात लांबीवरून काहीच ठरत नाही. मॉडेलच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

आता डेटाची वाटणी. १२० फुलं ट्रेनिंगला, ३० टेस्टला. नवशिके हमखास फसतात ते इथे, कारण ओळी जातीनुसार लावलेल्या आहेत. पहिल्या १०० ओळी शिकवायला घेतल्या, तर मॉडेलने व्हर्जिनिका पाहिलेलीच नसते आणि उरलेल्या ५० फुलांवर एकही उत्तर बरोबर येत नाही. सायकिट-लर्नचं ट्रेन-टेस्ट-स्प्लिट हे फंक्शन वापरलं की ओळी आपोआप पिसल्या जातात. त्यात स्ट्रॅटिफाय हा पर्यायही द्या, म्हणजे टेस्टमध्ये प्रत्येक जातीची नेमकी दहा फुलं येतील. शिवाय १०२वी आणि १४३वी ओळ हुबेहूब सारखी आहे. एक शिकवण्यात आणि दुसरी परीक्षेत गेली, तर तो पेपर फुटल्यासारखाच. इथे फरक नगण्य आहे, पण मोठ्या डेटात अशा जोड्या आधी काढून टाका.

डिसिजन ट्रीच्या झाडाची खोली, म्हणजे एकापाठोपाठ किती प्रश्न विचारायचे ते, मोकळी सोडली की ट्रेनिंगवर १०० टक्के मिळतात. त्यावर खूश होऊ नका, ती घोकंपट्टी आहे. खोली २ किंवा ३ ठेवा आणि टेस्टचा आकडा बघा. त्यातही ३० फुलांत एक चूक म्हणजे ३.३ टक्के, तेव्हा ९३ आणि ९७ मधला फरक नशिबाचाही असू शकतो. पाच भागांचं क्रॉस-व्हॅलिडेशन (दर वेळी एक भाग परीक्षेला, बाकी चार शिकवायला) करून सरासरी घ्या. टेस्टचा आकडा बघून खोली बदलत बसलात, तर ती परीक्षा उरत नाही.

चुकलेली फुलं एकेक करून पाहा, त्यांची मापं वहीत उतरवा. ती का चुकली हे सांगता यायला लागलं, की हाताने लिहिलेल्या अंकांचा एमनिस्ट डेटा घ्या. तिथे एक चित्र म्हणजे २८ गुणिले २८ ठिपके, म्हणजे ७८४ आकडे. न्यूरल नेटवर्कची गरज का पडते हे तिथे आपसूक कळतं.