ती एक रात्र काढायची कशी

मी 22 वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते. कुणी आजारी पडलं की दारावरची थाप जोरात आणि घाईची असते. प्रेमात मोडून पडलेल्या मुलीसाठी येणारी थाप वेगळी. हलकी, दोन बोटांची, रात्री एक-दीडच्या सुमारास. दार उघडलं की समोर ती मुलगी नसते, तिच्या खोलीतली मैत्रीण असते. ‘मॅडम, ती जिन्यात बसलीये. बोलतच नाहीये.’

हे त्या थाप मारणाऱ्या मैत्रिणीसाठी लिहितेय. मित्रासाठी, मोठ्या बहिणीसाठी, आईवडिलांसाठीही. आणि जिन्यात जी किंवा जो बसलाय, त्याच्यात आत्ता वाचायचं त्राण असेल तर त्याच्यासाठीही.

आधी माझी चूक सांगते. नोकरीचं चौथं वर्ष होतं. एक मुलगी माझ्या खोलीत येऊन खूप रडली. मी पाठीवर हात ठेवून, मायेनंच, म्हणाले, ‘वेडी आहेस का? असे छप्पन्न मिळतील.’ तिनं डोळे पुसले, ‘हो मॅडम’ म्हणाली आणि गेली. त्याच रात्री तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारच्या पलंगावरची मुलगी पाणी प्यायला उठली म्हणून ती वाचली. महिन्याभरानं तिनंच मला सांगितलं, ‘तुम्ही छप्पन्न म्हणालात ना, तेव्हा वाटलं हे कुणाला कळणारच नाही. मग सांगणंच बंद केलं.’

एका वाक्यानं कुणी टोकाला जात नाही, तिच्या मनात आधीपासून बरंच साचलं होतं, असं डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. तरी सांगायचं दार माझ्या हातून लागलं होतं. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेले आणि प्रत्येक रात्रीतून थोडं थोडं शिकत गेले.

डोक्यात काय चाललेलं असतं

प्रेमाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधक हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदारानं नुकतंच नाकारलेल्या 15 जणांना त्याच व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. कोकेनची तलफ आली की मेंदूतले जे भाग जागे होतात, त्यातले काही इथंही जागे झालेले दिसले. ही माणसं जागेपणीचा 85 टक्क्यांहून जास्त वेळ त्या एकाच व्यक्तीचा विचार करत होती. ‘तलफ’ हा शब्द मला फार उपयोगी पडला. तलफेची समजूत घालता येत नाही, ती ओसरेपर्यंत सोबत बसावं लागतं. त्यात मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून वीस वर्षांच्या मुलाला ‘जरा डोकं वापर’ म्हणू नका. ज्या भागानं डोकं वापरायचं, तोच अजून कच्चा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी. जिवावर बेतलेल्या प्रयत्नातून वाचलेल्या 13 ते 34 वयाच्या 153 जणांशी अमेरिकेत संशोधक बोलले. तो अभ्यास 2001 साली आला. जवळजवळ चौथा हिस्सा लोकांनी सांगितलं की ठरवणं आणि करणं यांत 5 मिनिटंसुद्धा गेली नव्हती. त्याआधी 1978 मध्ये रिचर्ड सायडन यांनी अगदी टोकावरून मागे ओढलेल्या 515 माणसांचं पुढे काय झालं याचा माग काढला होता. त्यातली 94 टक्के माणसं एक तर हयात होती किंवा नैसर्गिक कारणांनी गेली होती. दुःख पुढे महिनोन्महिने राहील, पण जीव घ्यायला निघालेली लाट बहुतेक वेळा तेवढी टिकत नाही. ती अंगावरून जाईपर्यंत कुणीतरी शेजारी असावं लागतं.

पहिला अर्धा तास

शेजारी बसा. समोर उभं राहू नका. जिन्यात असेल तर मी एक पायरी खाली बसते, म्हणजे तिला मान वर करावी लागत नाही. नावानं हाक मारा. पहिलं वाक्य साधं असू द्या: ‘मी इथंच आहे. घाई नाही. काय झालं ते सांग.’ मग ती तीच हकीकत पाच वेळा सांगेल. पाचही वेळा ऐका.

त्या मुलाला शिव्या घालू नका. ‘तो नालायकच होता’ म्हटलंत की ती त्याची बाजू घ्यायला लागते, आणि उद्या दोघांचं पुन्हा जुळलं तर तुमच्याकडे परत कधी येणार नाही. ‘काळ हेच औषध’, ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ हेही आत्ता नको. आईवडिलांचं नाव निघालं की आधीच अपराधी वाटणाऱ्याला आणखी अपराधी वाटतं.

मग स्पष्ट विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’

हा प्रश्न विचारायला मी कित्येक वर्षं घाबरले. नसलेलं डोक्यात घातलं तर, असं वाटायचं. मॅडलिन गुल्ड यांनी 2005 मध्ये 2,342 शाळकरी मुलांवर हेच तपासलं. थेट विचारल्यानं कुणाच्या मनात तो विचार पेरला गेला नाही, उलट जी मुलं आधीच खचलेली होती त्यांची घालमेल थोडी कमीच झाली. मी विचारलं तेव्हा दर वेळी समोरचे खांदे खाली आलेले पाहिलेत. ‘स्वतःचं काही बरंवाईट तर नाही ना करणार?’ असं गोल गोल विचारलं तर उत्तर ‘नाही’ हेच येतं, कारण प्रश्नातच ते भरवलेलं असतं.

उत्तर ‘हो’ आलं तर दचकू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. पुढचा प्रश्न: ‘कसं आणि कधी ते ठरवलंयस का?’ ठरवलं असेल तर धोका जवळ आहे. अशा वेळी एकटं सोडायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही. न्हाणीघराची कडी आतून लावू द्यायची नाही. जिच्यानं इजा होईल अशी कुठलीही वस्तू कुणीतरी गाजावाजा न करता खोलीतून हलवायची. आणि एका मोठ्या माणसाला तेव्हाच उठवायचं. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. काही करून झालं असेल किंवा आवरेनासं झालं असेल तर 112 लावा, नाहीतर थेट रुग्णालय गाठा.

‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं ती विचारेल. या बाबतीत वचन देऊ नका. दिलं असेल तर मोडा. माझ्यावर रागावून वर्ष-वर्ष न बोललेल्या मुली आहेत. त्या आहेत, हे मला पुरेसं आहे.

रडणाऱ्यापेक्षा मला अचानक शांत झालेल्याची जास्त काळजी वाटते. उसनं घेतलेलं परत करणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांना ‘माफ कर’ असे निरोप धाडणं, आणि दोन दिवस तडफडलेला चेहरा एकदम निवणं. असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

सकाळचा नियम

माझ्या वसतिगृहात एक नियम होता: जे परत फिरवता येत नाही ते उजाडेपर्यंत करायचं नाही. शेवटचा म्हणून लिहिलेला निरोप पाठवणं, परीक्षा सोडण्याचा अर्ज, घर सोडणं, त्यानं मागितला म्हणून खासगी फोटो पाठवणं, सगळं यात आलं. सकाळी तोच निर्णय घ्यायचा हक्क तुझाच, असं मी आधीच कबूल करायचे. ‘करूच नकोस’ म्हटलं की हट्ट वाढतो. ‘सकाळी कर’ म्हटलं की हट्टाला धरायला काही उरत नाही.

यामागे झोपेचंही कारण आहे. विल्यमसन आणि फेयर यांच्या 2000 सालच्या अभ्यासात 17 ते 19 तास जागं राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट भरली. सकाळी सातला उठलेली मुलगी रात्री दोनला 19 तास जागी असते. प्यायलेल्या माणसाला आपण गाडीची किल्ली देत नाही.

पळून जायला निघालेल्यांसाठी माझा एकच प्रश्न असायचा: ‘तिसऱ्या रात्री कुठं झोपणार?’ पहिल्या रात्रीचं उत्तर सगळ्यांकडे असतं, दुसरी कुठल्यातरी मित्राकडे निघते. तिसऱ्या रात्रीला बहुतेक जणी गप्प होतात. मग कागद द्यायचा: तुझी प्रमाणपत्रं कुणाकडे आहेत, तो आजारी पडला तर फोन कुणाला करशील, तुला परतावंसं वाटलं तर पैसे कुठले. एकीनं सगळी उत्तरं नीट लिहिली. तिच्या आडव्या मी आले नाही. सज्ञान होती, विचार केलेला होता. दोन वर्षांनी तिनं लग्नाचं बोलावणं पाठवलं.

‘तू सोडलंस तर मी जीव देईन’

हे ऐकणाऱ्याचे हाल वेगळे. एकदा फाटकाबाहेर एक मुलगा उभा होता, फोनवर हेच म्हणत. वर मुलगी थरथरत होती, खाली जायला निघालेली. तिला वाटत होतं, आता त्याचा जीव आपल्या ‘हो’वर आहे.

अशी धमकी खरी धरायची, नाटक म्हणून झटकायची नाही. मात्र धमकीला उत्तर म्हणून नातं परत द्यायचं नाही. मी त्या मुलीला हे वाक्य लिहून दिलं: ‘तुझी मला काळजी वाटते, म्हणून मी तुझ्या घरी कळवतेय. आपलं नातं मात्र संपलंय.’ लगेच त्याच्या मोठ्या भावाला फोन लावला. तो येईपर्यंत चौकीदाराला मुलाजवळ बसवलं, मुलीला खाली पाठवलं नाही. भीतीपोटी एकदा ‘बरं, नाही सोडत’ म्हटलं की दोघंही अडकतात, आणि पुढच्या वेळी धमकी आणखी मोठी येते. त्याला वाचवणं हे तिच्या एकटीचं काम नव्हतं. वीस वर्षांच्या मुलीला हे कुणीतरी मोठ्यानं म्हणून दाखवावं लागतं.

आईवडिलांना थोडंसं

कोंडू नका, मारू नका, फोन हिसकावून घेऊ नका. तुमचा विरोध योग्य असेलही. पण कोंडलं की मुलांना दोनच वाटा दिसतात, पळायची आणि मरायची. मधली वाट तुम्हीच दाखवायची असते: ‘आम्हाला पसंत नाही, पण बोलायला आम्ही तयार आहोत.’ तेवढ्यानं वेळ मिळतो.

पुढचे आठवडे

उजाडलं म्हणजे संपलं असं नाही. पहिले पंधरा दिवस कुणीतरी रोज, ठरलेल्या वेळी, दोन घास सोबत खायचे. झोप लागत नसेल, पुन्हा पुन्हा तेच मनात येत असेल तर डॉक्टरांकडे नुसतं पाठवायचं नाही, बरोबर जायचं. त्याचं खातं रोज उघडून बघणं थांबवायला मदत करा. तारा मार्शल यांच्या 2012 च्या अभ्यासात, सोडून गेलेल्या जोडीदाराच्या फेसबुकवर पाळत ठेवणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ दोन्ही जास्त आढळली. फोटो जाळायला लावू नका, एका पाकिटात घालून मैत्रिणीकडे ठेवायला द्या.

‘हे कधी थांबणार?’ याला माझ्याकडे तारीख नाही. प्रेमाचं वेड किती टिकतं याचा अंदाज देणारं, इटलीतल्या मानसोपचारतज्ज्ञ दोनातेल्ला माराझ्झिती यांचं 1999 मधलं काम मात्र मी मुलींना सांगायचे. नव्यानं प्रेमात पडलेल्यांच्या रक्तातला सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित एक घटक त्यांना कमी दिसला, मंत्रचळाच्या (तोच तो विचार पुन्हा पुन्हा येण्याचा आजार, ओसीडी) रुग्णांइतका. त्यांच्यातल्या काहींना 12 ते 18 महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो पूर्ववत झाला होता. मुली ‘18 महिने?’ म्हणून डोळे मोठे करायच्या. पण कॅलेंडरवर बोट ठेवता येणारा आकडा मिळाला की त्या जरा हलायच्या, मोजायला लागायच्या.

जिन्यातल्या त्या मुलीबरोबर मी सकाळपर्यंत बसले. ती फार बोलली नाही. चारच्या सुमारास माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले, झोपली नव्हती. साडेपाचला खालून नळाचा आवाज यायला लागला. तिनं डोकं उचललं, केसांत हात घातला आणि विचारलं, ‘मॅडम, गरम पाणी आलं असेल का? केस धुवायचेत.’