शिवाजी पार्क 31 एकरांचं कसं झालं

नगररचनेच्या प्रबंधासाठी मुंबईतल्या मोकळ्या जागा मोजायला घेतल्या, तेव्हा क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर मला बऱ्यापैकी येत होतं. तरी दोन महिन्यांचे आकडे एका संध्याकाळी रद्द करावे लागले. का, तेवढंच अशी मोजणी करणाऱ्यांसाठी नीट सांगते; बाकी तुम्हाला येतंच.

मी आधी उपग्रहचित्र लावलं, त्यामुळे प्रोजेक्ट वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) उघडला; त्याचा क्रमांक ईपीएसजी 3857. बागा-मैदानांचे पॉलिगॉन, म्हणजे हद्दींच्या बंद आकृत्या, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतले आणि त्यांचा लेअर (नकाशाचा थर) त्याच प्रोजेक्शनमध्ये सेव्ह केला. मग जिऑमेट्री देऊन एरिया काढणारं फंक्शन चालवलं. ते सपाट नकाशावरचं क्षेत्रफळ देतं. लेअर अक्षांश-रेखांशांत असता, तर शून्याशेजारचे आकडे बघून लगेच शंका आली असती. 3857 मध्ये एकक मीटरच असतं, म्हणून आकडे खरे वाटतात. पण हा नकाशा विषुववृत्तापासून लांब जाऊ तसा ताणला जातो. मुंबईच्या 19 अंशांवर क्षेत्रफळ जवळजवळ 12 टक्के फुगतं. सुमारे 28 एकरांचं शिवाजी पार्क माझ्या तक्त्यात 31 च्या वर गेलं होतं, आणि त्याला रोज फेऱ्या मारणाऱ्या मला ते दिसलं नाही.

मुंबई-पुण्यासाठी लेअर ईपीएसजी 32643 या प्रोजेक्शनमध्ये आणा, नागपूरसाठी 32644; तिथे क्षेत्रफळ असं फुगत नाही. किंवा डॉलरचं चिन्ह असलेलं एरिया फंक्शन ($area) वापरा, पण प्रोजेक्टमध्ये एलिप्सॉइड, म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा गोलसर आकार, निवडलाय ना, ते आधी पाहा. उद्यानाच्या पॉलिगॉनमध्ये कधीकधी खेळाच्या मैदानाचा वेगळा पॉलिगॉन असतो. डिझॉल्व्ह करून ते एकत्र जोडले नाहीत तर तीच जमीन दोनदा मोजली जाते.

चूक दुरुस्त व्हायला अर्धा तास लागला. घाबरू नका, ही चूक दुरुस्त होते. दुरुस्त होत नाही ती व्याख्येची चूक. जिमखान्याचं मैदान सार्वजनिक धरायचं का? बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान धरलं की दरडोई आकडा एकदम सुखावह होतो, पण तिथून लांब राहणाऱ्या गोवंडीच्या मुलाला खेळायला त्याचा काय उपयोग? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या मोजणीत मोकळ्या जागेपर्यंत 400 मीटर चालण्याचं अंतर धरतात, ते याचसाठी. आणि ते रस्त्याने मोजा. सरळ वर्तुळ काढलंत तर रेल्वेचे रूळ आणि नाले ओलांडून माणसं उडत जातात, असं तुम्ही लिहून देताय.

तयार स्क्रिप्ट देणाऱ्यापेक्षा ‘यातली किती मैदानं पायी पाहिलीस?’ असं विचारणारा मार्गदर्शक निवडा. मला असे सर मिळाले. नंतर मी वीस जागा पाहून आले. त्यातल्या चारांच्या फाटकाला कुलूप होतं.