रिफिल फटकन भरला, म्हणून मी झोपायला गेलो

प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या वर्षाला नुकत्याच लागलेल्यांसाठी हे लिहितोय. ग्राफ्ट (रक्तपुरवठ्यापासून तोडून लावलेली त्वचा) आणि फ्लॅप (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलवलेली त्वचा) यांतला फरक, रँडम (ठराविक रक्तवाहिनीवर न बेतलेला) काय, अ‍ॅक्सियल (तशा वाहिनीवर बेतलेला) काय, हे तुम्हाला येतं असं धरतो. लांबी-रुंदीचं प्रमाण पाठ केलं असेल, तर त्यावर फार विसंबू नका. फ्लॅप रुंद घेतला म्हणून लांबवर जगत नाही, आत कुठली रक्तवाहिनी आली त्यावर जगतो, हे मिल्टन या सर्जनने १९७० सालीच डुकरांवर प्रयोग करून दाखवलं. व्हायव्हात ते प्रमाण तरीही विचारतात. सांगा आणि पुढे चला.

मी फसलो तो रिव्हर्स सुरल फ्लॅपमध्ये, म्हणजे पोटरीवरून खाली फिरवलेल्या फ्लॅपमध्ये. टाचेवर उघडी जखम होती. या फ्लॅपला रक्त येतं ते पेरोनियल आर्टरीच्या (पायातल्या एका धमनीच्या) पर्फोरेटर्समधून, म्हणजे त्वचेकडे येणाऱ्या बारीक फांद्यांमधून, म्हणून बाहेरच्या घोट्याच्या साधारण ५ सेंमी वरची जागा जपून तिथून फ्लॅप खाली फिरवायचा. आत यायला रक्ताला वाट मिळते. परत जाताना मात्र त्याला व्हेनमधल्या झडपांच्या उलट जावं लागतं. हे मला माहीत होतं, पेपरात लिहिलंही होतं. रात्री ११ वाजता रिफिल पाहिला, म्हणजे फ्लॅप बोटाने दाबून सोडला, तर रंग अर्ध्या सेकंदात परत आला. फाइलमध्ये ‘रिफिल उत्तम’ असं लिहिलं आणि झोपायला गेलो.

सकाळी राउंडला फ्लॅप जांभळा, टम्म फुगलेला. सरांनी सुई टोचली आणि काळपट रक्त भळाभळा आलं. ड्रेसिंग सोडल्यावर दिसलं, की क्रेप बँडेजचा एक वेढा नेमका पेडिकलवर, म्हणजे फ्लॅपला रक्त नेणाऱ्या देठावर, आवळला होता. खालचा एक तृतीयांश फ्लॅप गेला. त्या पेशंटला पुढे कितीतरी दिवस ड्रेसिंगसाठी यावं लागलं, आणि दर वेळी ते मलाच हसून नमस्कार करायचे.

माझं गणित असं होतं: रिफिल उशिरा म्हणजे वाईट, म्हणजे लवकर तेवढा चांगला. चूक. साधारण दोन सेकंद ठीक. त्याहून फारच लवकर, फटकन भरला तर तिथेच थांबा. नळ चालू आहे आणि मोरी तुंबली आहे, अशी ती अवस्था असते. केशवाहिन्या आधीच साचलेल्या रक्ताने भरलेल्या असतात. बोटाने ते बाजूला सरतं आणि बोट काढताच तेच परत येतं. ताज्या रक्ताचा त्यात पुरावा काहीच नाही. दाब वाढत गेला की शेवटी आर्टरीचं रक्तही आत शिरेनासं होतं. पांढरा, थंड, लुळा फ्लॅप पाहून कुणीही फोन उचलतो. व्हेन अडलेला फ्लॅप सुरुवातीला नुसता ‘छान गुलाबी’ दिसतो. सावळ्या त्वचेवर तर तेवढंही कळत नाही.

म्हणून शंका आली की बारीक सुई टोचा, पेडिकलपासून दूरच्या टोकाला. दोन-चार सेकंदांत लालभडक थेंब आला तर निवांत राहा. लगेच काळपट रक्त वाहिलं तर व्हेन अडलीय. काहीच आलं नाही, किंवा उशिरा नुसतं पाणी आलं, तर आर्टरी. डॉपलरचा (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज ऐकून खूश होऊ नका. व्हेन बंद असतानाही तो काही काळ ऐकू येतो.

मग काय करायचं? ड्रेसिंग कातडीपर्यंत पूर्ण उघडा. पेडिकलवर पायाचा भार येतोय का बघा, पाय उंच करा, आवळलेले टाके काढा, खाली रक्ताची गाठ साचलीय का तपासा. टनेल (पेडिकल कातडीखालून नेलेली वाट) घट्ट असेल तर सीनियरांना बोलवून ती उघडायची, वर ग्राफ्ट लावता येतो. फ्री फ्लॅप (पूर्ण सुटा करून नव्या जागी वाहिन्या जोडलेला) असेल तर यात वेळ घालवू नका, थेट ओटी तयार करायला सांगा. तिथे पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे, आणि पहिल्या दिवशी तासातासाला बघायचं.

साचलेलं रक्त ओढायला जळवा उपयोगी आहेत. एक जळू ५ ते १५ मिली रक्त ओढते आणि ती सुटल्यावरही हिरुडिनमुळे (तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या पदार्थामुळे) जागा काही तास झिरपत राहते. एरोमोनाससाठी (जळवांच्या पोटातल्या जंतूसाठी) अँटिबायोटिक आणि हिमोग्लोबिन तपासणं विसरू नका. पण पिळलेलं पेडिकल जळू सरळ करत नाही. मलमांबद्दलही माझं मत हेच: नायट्रोग्लिसरीन चोपडून काहीतरी केल्याचं समाधान डॉक्टरला मिळतं, आणि तेवढ्यात तास जातो.

मला आवडणारा एकच ‘शॉर्टकट’ आहे, आणि तो लांबचा रस्ता आहे: डिले. मधुमेही, सिगारेट ओढणारा पेशंट असेल तर फ्लॅप आधी अर्धवट उचलून परत जागेवर शिवा आणि आठवडा-दोन आठवडे थांबा. टेलर या सर्जनने १९८७ साली अँजिओसोम (एकेका धमनीचे प्रदेश) मांडले, त्यांच्यामधल्या चोक व्हेसल्स, म्हणजे जोडणाऱ्या अरुंद वाहिन्या, तेवढ्यात रुंदावतात. सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनचं च्युइंगमही चालत नाही.

माझ्यासारखी चूक झालीच, तर लगेच शाखा बदलायचे फॉर्म शोधू नका. मी शोधले होते. मला हे सगळं शिकवलं ते वॉर्डातल्या नाइटच्या सिस्टरनी, सीनियर तेव्हा झोपलेले असत. पुढच्या वर्षी तसाच एक फ्लॅप होता. रात्री दोनला त्याच म्हणाल्या, “डॉक्टर, हा जरा जास्तच पटकन भरतोय.” सुई टोचली, काळं रक्त. सीनियरांना उठवलं, शिव्या खाल्ल्या, त्यांच्या सांगण्यावरून तीन टाके काढले आणि पाय उशीवर घेतला. अर्ध्या तासाने पुन्हा टोचलं तर लाल थेंब. तरीही सकाळपर्यंत स्टूल ओढून तिथेच बसलो होतो.